सोलापुरात बसून सिनेमाचं बॅकग्राउंड म्युझिक शिकायचं असेल तर

"दादा, बॅकग्राउंड करायला शिकायचंय, कीबोर्ड कुठला घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच, कधी विजापूर रोडवरून, कधी बार्शीहून, कधी अक्कलकोटच्या पलीकडच्या एखाद्या गावातून, आणि मी दरवेळी एकच सांगतो की कीबोर्ड राहू दे, आधी एक वही घे आणि सिनेमा बघायला बस. पोरं जरा नाराज होतात. पण पंधरा वर्षं झाली मी हे काम करतोय, आधी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, मग नाटकात, मग शॉर्टफिल्म आणि सिनेमात, आणि या सगळ्या काळात झकास वाजवणारे लोक सोलापुरात भरपूर भेटले, सीन कळणारे फार थोडे भेटले. मोठा पार्श्वसंगीतकार कशानं मोठा होतो तर सीन ऐकता येण्यानं. बाकी बोटं, सॉफ्टवेअर, राग, हार्मनी हे सगळं त्याच्या मागून येतं. आणि सीन ऐकायला शिकता येतं, त्याला मुंबईला जायला लागत नाही, म्हणून हे क्रमानं लिहून काढतोय.

आधी एक गोंधळ मिटवू. गाणी करणारा संगीतकार आणि पार्श्वसंगीत करणारा ही आपल्याकडं बऱ्याचदा वेगळी माणसं असतात. गाण्यात चाल पुढं असते, सगळे तिच्या मागं. पार्श्वसंगीतात तुमच्या आधीच तिघं जण येऊन बसलेले असतात, चित्र, संवाद आणि सीनमधले आवाज, आणि उरलेल्या जागेत तुम्हाला बसायचंय. २००९ सालच्या सिनेमांच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पार्श्वसंगीताचा पुरस्कार गाण्यांपेक्षा वेगळा दिला गेला आणि तो इलैयाराजांना मल्याळम 'पळशीराजा'साठी मिळाला. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, तेलुगू सिनेमे बघत वाढलेल्या लोकांना हे नाव मी सांगायची गरज नाही, पण मराठीतल्या नवीन पोरांनी त्यांची गाणी बाजूला ठेवून नुसतं बॅकग्राउंड ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

आवाज बंद करून बघा, मग चित्र बंद करून ऐका

चार वेळा बघितलेला सिनेमा घ्या, नवीन नको, कारण नवीन सिनेमात आपण गोष्टीत वाहून जातो. त्यातली दहा मिनिटं निवडा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा आणि वहीत लिहा की मी असतो तर म्युझिक कुठं सुरू केलं असतं, कुठं थांबवलं असतं, सेकंदासकट. मग मोबाईल उलटा ठेवा आणि तीच दहा मिनिटं नुसती ऐका. आता खरं म्युझिक कुठं सुरू झालं, कुठं थांबलं ते शेजारी लिहा. तिसऱ्यांदा दोन्ही चालू करा आणि दोन रकान्यांत जिथं फरक आला तिथं थांबून विचार करा की त्यांनी असं का केलं असेल. पहिल्या आठवड्यात तुमचा रकाना भरलेला असेल आणि त्यांचा रिकामा, हे मी आत्ताच सांगतो, सगळ्यांचं असंच होतं.

'सैराट'पासून सुरू करा, आपल्या जिल्ह्याचाच सिनेमा आहे, नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. २०१६ साली आला तेव्हा अजय-अतुल यांनी त्याचं संगीत लॉस एंजलिसला जाऊन पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्ड केलं ही बातमी सगळीकडं गाजली होती, आणि लोकांना वाटलं की ऑर्केस्ट्रा म्हणजे भव्यपणा. मला ते तसं वाटत नाही. विहिरीवर, उसात, शेतातल्या पायवाटेवर पहिल्यांदा प्रेमात पडलेल्या पोराला स्वतःचं प्रेम केवढं मोठं वाटतंय, त्या मापाचा तो ऑर्केस्ट्रा आहे. गावाच्या मापाचा नाही, परश्याच्या मनाच्या मापाचा. आणि त्याच सिनेमाचा शेवट आठवा. लहान पोर, पावलांचे ठसे, आणि आवाजच काढून घेतलाय. एवढा ऑर्केस्ट्रा हाताशी असताना तिथं एक स्वर वाजवला नाही. हा शेवट मी थिएटरात बघितला तेव्हा शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. पहिल्या अर्ध्या भागात तेवढं वाजलं म्हणून शेवटची शांतता एवढी लागते, हे दोन्ही मिळून एकच काम आहे, हे ज्या दिवशी पोटातून कळेल त्या दिवशी तुमची पहिली पायरी झाली असं समजा.

दुसरा सिनेमा 'सायको', १९६०चा, हिचकॉकचा. संगीत बर्नार्ड हर्मन यांचं. बाथरूममधल्या खुनाच्या सीनला म्युझिकच नको असं हिचकॉकचं म्हणणं होतं, हर्मननी तरीही ते लिहिलं आणि ऐकवलं, आणि ऐकल्यावर हिचकॉकनी मत बदललं. पूर्ण सिनेमाला फक्त तंतुवाद्यं वापरलीत, ना ब्रास ना ड्रम. सिनेमा काळा-पांढरा, म्हणून संगीतही एकाच रंगाचं. यातून नवीन माणसानं दोन गोष्टी घ्याव्यात. एक म्हणजे डायरेक्टरशी मतभेद असेल तर वाद घालू नका, करून ऐकवा. आणि दुसरं, कॉम्प्युटरमध्ये दोनशे वाद्यं आहेत म्हणून दोनशे वापरायची नसतात, सिनेमा सुरू करतानाच ठरवा की याची वाद्यं ही चार किंवा पाच, बाकी कपाटात.

एक वाक्य तुम्हाला सगळीकडं ऐकायला मिळेल, चांगलं बॅकग्राउंड म्युझिक ऐकूच येत नाही. मला हे पटत नाही. 'जॉज' १९७५चा, जॉन विल्यम्सचे ते दोन स्वर जगात कुणाला ऐकू आले नाहीत? शार्क दिसायच्या आधी ते दोन स्वरच शार्क झालेत. कधी लपायचं आणि कधी समोर येऊन उभं राहायचं हे ज्याला कळतं तो मोठा.

गावाचे आवाज गोळा करा

हा भाग मी लांब लिहिणार, कारण सोलापूरच्या माणसाकडं जी श्रीमंती आहे ती इथं आहे आणि आपण ती सोडून यूट्यूबवरचे सिनेमॅटिक ड्रम शोधत बसतो.

मोबाईल घ्या आणि एका महिन्यात वीस आवाज रेकॉर्ड करा. प्रत्येकाला तारीख, जागा, वेळ लिहा. पूर्व भागात एखाद्या ओळखीच्या कारखान्यात जाऊन यंत्रमाग ऐका. विचारून जा, काम चालू असताना मधे उभं राहू नका. धोटा (आडवा धागा नेणारा) इकडून तिकडं जातो तो खटका मोजा, कुठल्याही टेम्पो ॲपमध्ये बोटानं टॅप केलं की मिनिटाला किती ठोके ते कळतं. मग शेजारचा माग मोजा. दोन्ही माग सारखे दिसले तरी वेगात बारीक फरक असतो, त्यामुळं दोघांचे ठोके एकदा एकत्र पडतात, मग हळूहळू सरकत जातात, पार उलट होतात, आणि बऱ्याच वेळानं परत एकत्र येतात. हे डोळे मिटून पाच मिनिटं ऐका. दोन भाऊ एका घरात राहून एकमेकांपासून लांब जातायत असा सीन असेल तर याच्यापेक्षा चांगला ताल कुठून आणणार? दोन हलग्या, एक ८० वर आणि एक ८१ वर, बास.

मग लाईट जाण्याची वाट बघा. अख्ख्या गल्लीचे माग एका क्षणात बंद होतात आणि त्या शांततेत अचानक कुकरची शिट्टी, पोरांचं भांडण, कुणाच्या तरी घरातला तेलुगूतला फोन, सगळं वर येतं. शांतता म्हणजे आवाज नसणं नाही हे मला पुस्तकातून कळलं नाही, असं कळलं. आधी काहीतरी सतत चालू असेल तरच ते थांबल्याचं कळतं. तुमच्या सीनमध्ये शांतता लागायला हवी असेल तर तिच्याआधी दोन मिनिटं काय चालू आहे ते बघा.

संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, असते तेव्हा तर सुट्टीच टाका. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' ही हाक एकजण देतो आणि हजारो लोक उत्तर देतात. नुसतं भक्तीनं नको, कानानंही ऐका. हाक आणि उत्तर यांच्या मधे एक बारीक जागा असते, सगळे श्वास घेतात ती. गर्दीचा सीन करायचा असेल तर ताकद त्या जागेत आहे. हलगी वाजवणाऱ्यांजवळ उभे राहा, ते मधूनच जाळ करून हलगी शेकतात, कातडं तापलं की ताणलं जातं आणि आवाज वर चढतो, गार झालं की उतरतो. म्हणजे एकच हलगी एका संध्याकाळीत तीन वेगवेगळी वाद्यं असते. सॅम्पल लायब्ररीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या तयार आवाजांच्या साठ्यात, तुम्हाला त्यातलं एक मिळतं.

फक्त एक विनंती. पंढरपूर आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून गावाचा प्रत्येक शॉट आला की टाळ-मृदंग टाकू नका. टाळ वाजला की बघणारा वारीत जातो, आणि तुमचा सीन बँकेच्या नोटिशीचा असतो.

संगीत किती यायला पाहिजे

जे येतंय त्यात पक्के व्हा. हार्मोनियम येत असेल तर दहा-बारा राग त्यांच्या चलनासकट, म्हणजे राग पुढं कसा सरकतो त्यासकट, आले पाहिजेत, नुसते आरोह-अवरोह नाही, कारण रागाचा एक तुकडा, दोन-तीन स्वरांचा, एवढाच सीनमध्ये मावतो, आणि तेवढ्यात तो ओळखीचा वाटला पाहिजे. पाश्चात्त्य हार्मनीचे प्राथमिक धडे घ्या, चर्चमध्ये वाजवणारे, ऑर्केस्ट्रातले जुने कीबोर्डवाले, कुणीही शिकवेल. नोटेशन वाचायला शिकाच, आज ना उद्या व्हायोलिनवाल्याच्या समोर कागद ठेवायची वेळ येतेच आणि तेव्हा "असं असं वाजवा" म्हणत गाऊन दाखवण्यात स्टुडिओचा तास संपतो. इलैयाराजा सिनेमा बघून कागद-पेन घेऊन सगळ्या वाद्यांचं थेट लिहून काढतात हे त्यांच्याबरोबर काम केलेले सगळे सांगतात. ती उंची आपल्याला गाठता येणार नाही कदाचित, पण दिशा तीच.

आणि वेळेत काम करायची सवय लावा. 'पथेर पांचाली'चं संगीत रविशंकर यांनी एकाच लांबलचक रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये केलं, थोडी वाद्यं, थोडे लोक, आणि १९५५पासून आजपर्यंत ते ऐकलं जातंय. वेळ कमी आहे ही अडचण आहे, पण काम वाईट होण्याचं कारण नाही.

सामान

थोडक्यात सांगतो कारण लोक इथंच अडकून बसतात. आठ किंवा सोळा जीबी रॅमचा लॅपटॉप, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर (साठ दिवस फुकट वापरून बघता येतं, त्यात व्हिडिओही लावता येतो), कान झाकणारे साधे हेडफोन, एक छोटा ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायची डबी), एक माईक, आणि चार ऑक्टेव्हचा मिडी कीबोर्ड (लॅपटॉपमधली वाद्यं वाजवायला). प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवा, व्हिडिओच्या कामाला तेच चालतं, गाण्याच्या सवयीनं ४४.१ वर ठेवलं तर शेवटी बदलत बसावं लागतं.

खोलीसाठी हजारोंचा फोम घ्यायची गरज नाही, आपल्याकडं चादरी आहेत. जाड सोलापुरी चादरी दुहेरी करून भिंतीपासून वीतभर लांब दोरीवर टांगल्या की आवाजाची खणखण बरीच कमी होते. मात्र ढोल-तबल्याच्या डग्ग्याची घुमणारी खर्ज चादरीनं अडत नाही, त्यामुळं तसलं काही मोठ्या खोलीत किंवा उघड्यावर रेकॉर्ड करा. उन्हाळ्यात पंखा बंद करून बसवत नाही हे मलाही माहितीय, मी पहाटे चार ते सहा रेकॉर्ड करतो, माग पण बंद असतात, रिक्षा पण.

स्पॉटिंग, म्हणजे कुठं वाजवायचं आणि कुठं नाही

एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे कापाकापी पक्की झाल्यावर, डायरेक्टर, एडिटर आणि तुम्ही एकत्र बसून पूर्ण फिल्म बघता आणि म्युझिक कुठं येणार, कुठं जाणार ते ठरवता, त्याला स्पॉटिंग म्हणतात. माझ्या मते नव्वद टक्के काम इथंच होतं. प्रत्येक जागेला स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे म्युझिक कुणाच्या मनातलं आहे? चित्र आणि संवाद जे सांगत नाहीत असं हे काय सांगणार? आणि हे काढलं तर काय बिघडेल? तिसऱ्याचं उत्तर "काही नाही" आलं की काढा.

हे मला कसं कळलं ते सांगतो. एका विडी कामगार बाईवर चौदा मिनिटांची शॉर्टफिल्म होती. मुलगा पुण्याला गेलाय, फोन येत नाही, ती मांडीवर सूप घेऊन पान कापतेय, विड्या वळतेय, हजार पुरे करायचेत. मी जीव तोडून काम केलं, चौदापैकी अकरा मिनिटं म्युझिक, व्हायोलिन, बासरी, करुण रागातली चाल, मला स्वतःला ऐकताना डोळ्यात पाणी आलं होतं. डायरेक्टरनं ऐकलं, काही बोलला नाही, माझा ट्रॅक म्यूट केला आणि म्हणाला, "आता बघ की जरा." कात्रीचा आवाज चालू होता. कच, कच, कच, एका लयीत, पूर्ण फिल्मभर. आणि फोन वाजतो तेव्हा कात्री थांबते.

"तू काय करूलालाय माहितीय का बे," तो म्हणाला, "ती थांबलेली ऐकूच येईना."

बरोबर होतं त्याचं. त्या बाईचं सगळं काळीज त्या कात्रीत होतं आणि मी त्याच्यावर व्हायोलिनची चादर टाकली होती. मग मी सगळं काढलं. शेवटी उरलं ते फक्त दोन मिनिटं दहा सेकंद. ती फोन ठेवते, काही वेळ तशीच बसते, आणि कात्री परत सुरू होते, पण आधीपेक्षा हळू, तिथं तानपुऱ्याची एकच तार, त्या कात्रीच्या लयीत नाही, तिच्यापेक्षा अजून हळू. तेवढंच. आजही कुणी माझं सगळ्यात चांगलं काम विचारलं तर मी ती दोन मिनिटं दाखवतो.

म्हणून नवीन लोकांना माझा नियम, तुम्हाला वाटतं त्याच्यापेक्षा उशिरा आत या आणि वाटतं त्याच्यापेक्षा आधी बाहेर पडा. रडण्यावर म्युझिक सुरू करू नका, रडायचं नाही असं ठरवून ती पदर खोचते तिथं करा. आत येताना कुठल्यातरी आवाजाच्या आडून या, एसटीचा ब्रेक, दार, भांडं, म्हणजे सुरू झाल्याचं जाणवत नाही. बाहेर पडताना पण तसंच.

थोडा हिशोब

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो, टीव्हीच्या कामाला बऱ्याचदा २५ असतात, सुरुवातीलाच एडिटरला विचारून घ्या. टेम्पो ६० असेल तर एक मात्रा एका सेकंदाची, म्हणजे २४ फ्रेमची. १२० असेल तर १२ फ्रेमची. समजा तुमचं म्युझिक सुरू झाल्यापासून साडेसतरा सेकंदांनी वाड्याचं दार आपटतं आणि तुम्हाला ते बरोबर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पाहिजे. केरवा आहे, आठ मात्रांचा. तीन आवर्तनं म्हणजे २४ मात्रा साडेसतरा सेकंदांत बसवायच्या. २४ गुणिले ६०, भागिले १७.५, उत्तर आलं ८२.२९. टेम्पो तेवढा ठेवला की चौथ्या आवर्तनाची सम आणि दार एकत्र. जरा संथ पाहिजे असेल तर दोन आवर्तनं, १६ मात्रा, टेम्पो ५४.८६. हे गणित पाचवी पास माणसाला येतं, पण ते न केल्यामुळं लोक तासन् तास ट्रॅक ओढत, कापत बसतात.

आता हे आलं म्हणून प्रत्येक पावलावर आणि प्रत्येक पापणीवर ठोका मारू नका, कार्टून होतं. एका सीनमध्ये एक जागा पकडा. आणि ती सुद्धा भावनेची असेल तर एक-दोन फ्रेम उशिरा पडलेली मला जास्त खरी वाटते, माणूस आधी बघतो, मग त्याला लागतं.

संवादाच्या खाली

नवीन लोकांची सगळ्यात मोठी चूक ही आहे की संवाद चालू असताना चाल वाजवतात. बाई बोलतेय आणि त्याच पट्टीत बासरी किंवा व्हायोलिन गातंय, म्हणजे दोन बायका एकदम बोलल्यासारखं. मग मिक्सिंगवाला तुमची बासरी इतकी खाली नेतो की ती मच्छरासारखी ऐकू येते, आणि तुम्ही म्हणता माझं काम मारलं. संवादाखाली लांब, स्थिर स्वर ठेवा, आवाजाच्या पट्टीच्या खाली किंवा बरंच वर. चाल असेलच तर ती दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बोलू द्या. मी संवाद कागदावर लिहून काढतो आणि श्वासाच्या जागी रेघ मारतो, जुन्या नाटकवाल्यांची सवय आहे ही, आणि फार उपयोगी आहे.

डायरेक्टरशी बोलताना

त्याला राग सांगू नका. मारवा की पूरिया याच्याशी त्याला घेणं नसतं. तो म्हणेल "इथं जरा इमोशनल पाहिजे." तेव्हा विचारा, "दादा, कुणाला इमोशनल झालंय, पोराला का बापाला?" बहुतेक वेळा तिथंच उत्तर सापडतं, कारण त्यानंही तेवढा विचार केलेला नसतो आणि मग दोघं मिळून करता.

एडिटर बऱ्याचदा तात्पुरतं म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमाचं म्युझिक लावून ठेवतो, टेम्प ट्रॅक म्हणतात. दोन महिने तेच ऐकून डायरेक्टरच्या डोक्यात ते घर करून बसतं आणि मग तुमचं काहीच आवडत नाही. माझी पद्धत अशी की पहिल्यांदा फिल्म बघताना टेम्प ट्रॅकशिवायचीच कॉपी मागतो. नंतर टेम्प ऐकतो आणि विचारतो की यातलं नक्की काय आवडलं, वेग का, एखादं वाद्य का, का नुसती जागा बरोबर लागलीय म्हणून? चाल चोरायची नाही, पण कारण समजून घ्यायचं. जमलं तर शूटिंगच्या आधीच दोन थीम करून द्या. एन्निओ मोरिकोनेंनी सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची मुख्य संगीतं आधीच लिहिली होती आणि सेटवर ती वाजवून शूटिंग झालं, कलाकार त्या लयीत चालले. आपल्या तीन दिवसांच्या शूटला पण मोबाईलवर थीम वाजवता येते, खर्च शून्य.

द्यायचं काय आणि लिहून घ्यायचं काय

प्रत्येक तुकड्याला नंबर आणि सुरू होण्याचा टाइमकोड (फिल्ममधली नेमकी वेळ) नावातच लिहा. स्टेम, म्हणजे वाद्यांच्या एकेका गटाचा ट्रॅक, वेगवेगळे द्या, तालवाद्यं एक, तंतुवाद्यं एक, मुख्य सूर एक, खर्ज आणि ड्रोन (सतत चालणारा स्वर) एक, म्हणजे मिक्सिंगला एखादी गोष्ट खाली न्यायची असेल तर सगळंच खाली जात नाही. क्यू शीट बनवा, कुठला तुकडा, किती सेकंदांचा, कुणी केलेला. ती कंटाळवाणी वाटते पण रॉयल्टीचा हिशोब तिच्यावरच चालतो. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था १९६९पासून आहे, तिचं सभासदत्व घ्या. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर सिनेमातल्या संगीताचा रॉयल्टीचा हक्क संगीतकाराला सही करून पूर्णपणे सोडून देता येत नाही, थिएटरमध्ये सिनेमासोबत वाजतं ते सोडून बाकीच्या वापरासाठी हे लागू आहे. म्हणून "सगळे हक्क कायमचे दिले" असं छापलेलं कुणी पुढं केलं की लगेच सही करू नका, वाचा, विचारा. मी एका कामात तोंडी बोलण्यावर सहा महिने घालवले आणि पैसे मिळाले नाहीत, तेव्हापासून ओळखीचा माणूस असला तरी एका पानावर रक्कम, किती वेळा बदल करून देणार आणि ॲडव्हान्स एवढं लिहून घेतल्याशिवाय प्रोजेक्ट उघडत नाही.

पहिलं काम कुठं मिळणार

नाटकं आणि एकांकिका. राज्य नाट्य स्पर्धेची, कॉलेजच्या स्पर्धांची नाटकं आपल्याकडं होतात, आणि प्रत्येक नाटकाला पार्श्वसंगीत करणारा आणि ते ऑपरेट करणारा माणूस लागतोच. हुतात्मा स्मृती मंदिरात अंधाऱ्या कोपऱ्यात बसून नटाच्या श्वासावर म्युझिक सोडायचं, नटानं एखादं वाक्य खाल्लं तर तिथल्या तिथं सावरायचं, आणि समोर सहाशे लोक कुठं हलले, कुठं खोकले ते बघायचं, याच्याइतकं शिकवणारं कुठल्याच ऑनलाईन कोर्समध्ये नाही. भास्कर चंदावरकर, आनंद मोडक ही मराठीतली मोठी माणसं, दोघांनी नाटकातही केलं आणि सिनेमातही, 'घाशीराम कोतवाल'चं संगीत चंदावरकरांचं, 'महानिर्वाण'चं मोडकांचं. चंदावरकर तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे.

दोन-तीन नाटकं झाली की गावातल्या एडिटर लोकांशी दोस्ती करा, कॅमेरावाल्यांपेक्षा आधी एडिटर, कारण म्युझिकची गरज सगळ्यात आधी त्याला कळते. मग तीन मिनिटांची शोरील, म्हणजे आपल्या कामाचा नमुना, बनवा. ट्रेलरसारखी धडाम-धडाम नको, तीन सीन ठेवा आणि त्यातला एक संवादाचाच पाहिजे, समोरच्याला बघायचं असतं की तुम्हाला गप्प बसता येतं का. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जा, फिल्म शिकणाऱ्या पोरांना भेटा, त्यांना संगीतकार पाहिजेच असतात आणि पैसे कमी असतात, सुरुवातीला ते चालतं. जाण्याआधी फोन करा, हेडफोन स्वतःचे न्या, आणि पेनड्राइव्ह दोन न्या, एक तिथं देऊन यायला.